हिरडीतला किडा

मासळीबाजाराच्या टोकाला आंब्याखाली बायकांची रेटारेटी चालली होती. प्रत्येकीच्या पाठीला एकेक किरकिरणारं पोर बांधलेलं. मधे बाकावर तिबाम्वेंदा वैदू बसला होता, हातात सायकलच्या चाकाची घासून अणकुचीदार केलेली तार.

"घाबरू नकोस, अतेन्यी. नीट बघ," तो समोरच्या आईला लाडिक आवाजात म्हणाला. बायकांना तो त्यांच्या लाडाच्या नावाने हाक मारी. बुन्योरोच्या मुलखात प्रत्येकाला असं एक नाव असतं; त्या नावाने हाक मारली की माणूस अर्धा विरघळतोच. त्याने बाळाच्या हिरडीत तार खुपसली, पीळ दिला आणि केळीच्या पानावर रक्ताने माखलेला, पांढरट, लिबलिबीत गोळा टाकला. "हा बघ किडा. हाच ताप आणतो, हाच जुलाब लावतो. उद्या पोर रांगायला लागेल."

बाळाच्या किंकाळीवर बायकांचे समाधानाचे सुस्कारे उमटले.

पुढचा नंबर कुनिहिराचा होता. कंपालाला दातांच्या कॉलेजात शिकणारी ही पोरगी बाळंतपणासाठी सासरी आली होती, ती अजून इथेच होती. तिच्या कडेवरचा सहा महिन्यांचा बागुमा आदल्या दिवसापासून तापाने फणफणला होता, जुलाबांनी मलूल झाला होता. ती दर थोड्या वेळाने त्याच्या टाळूला हात लावून बघत होती. टाळू खोल गेली होती. ओठ कोरडे पडले होते. रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"आई, याला दवाखान्यात नेऊ या. याच्या अंगातलं पाणी गेलंय."

"आधी किडा," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचेही काढले होते. मेला का तो?"

"नाही मेला. पण हसताना तोंडावर हात का धरतो तो, आई? त्याचे सुळे का वेडेवाकडे आलेत?"

सासूबाईंनी तिला बाकाकडे ढकललं. "ये, अकीकी," वैदूने कुनिहिरालाही तिच्या लाडाच्या नावाने हाक मारत हात पुढे केले, "दे लेकराला."

कुनिहिराने बागुमाला मागे ओढलं. आपण शिकलो ते खोटं निघालं तर? हे पोर हातचं गेलं तर? तिने बागुमाला सासूबाईंकडे दिलं आणि केळीचं पान उचललं.

"हा किडा मला हवा."

"ने की, घरी नेऊन पाळ," वैदू म्हणाला. बायका हसल्या.

तिने बाळाच्या लंगोटाची पिन काढली आणि तो गोळा चिरला. पातळ पिशवी फाटली. आतून इवलीशी पांढरी टोपी निघाली, वर निमुळती. तिने ती बाजूच्या जर्मनच्या थाळीत टाकली. टक्कन आवाज झाला.

"हात लावून बघा. किडा एवढा टणक असतो?"

अतेन्यी पुढे झाली. तिने ती टोपी चिमटीत धरली, नखाने दाबून पाहिली. "हे तर दाताचं टोक आहे," ती हळूच म्हणाली.

"सुळ्याचं. पोर पोटात असतानाच हिरडीत दाताची पिशवी तयार होते. आधी टोक टणक होतं, मग खाली दात भरत जातो. सुळा बाहेर यायला दीड वर्ष लागतं. तोवर तो आतच असतो, म्हणून हिरडी तिथे फुगीर लागते. तेच हा वैदू बोटाने चाचपतो. आणि मला सांगा, दर पोराचा किडा त्याच चार जागांवर कसा सापडतो? पुढचे दोन दात सोडले की तिसरा. किड्यांना जागा कुणी वाटून दिल्या?"

"पुस्तकं वाचून हिचं डोकं फिरलंय," वैदू म्हणाला. "पोरं बरी होतात की नाही, ते विचारा यांना."

"काही होतात. उतरायचा असतो तो ताप उतरतो. जी होत नाहीत, त्यांच्या आया तुला सांगायला परत बाजारात येतात का? आणि ही तार. सकाळपासून किती तोंडांत गेली? एकदा तरी उकळलीस?"

वैदूने तार अंगरख्याला पुसली. 

"आणि हा गेला तर?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "मग तोंड कुणाला दाखवशील?"

"तुम्हालाच दाखवीन, आई. पण हा किड्याने नाही, तहानेने चाललाय. तहानेवर औषध पाणी असतं. मीठ-साखरेचं पाणी, चमच्याचमच्याने, आत्ता."

सासूबाईंनी बागुमाच्या टाळूवर तळवा ठेवला. खोलगट जागेशी बोटं थबकली. मग त्यांनी त्याला अंगावरच्या शालीखाली घेतलं आणि गर्दीला कोपराने बाजूला सारत दवाखान्याच्या वाटेला लागल्या.

कुनिहिरा जाता जाता बायकांकडे वळली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, ज्यांचे किडे काढलेत त्या थोरल्या पोरांची तोंडं उघडा. सुळे कुठे गेले, बघा. मग ठरवा, या माणसाने आजार काढला की दात."

अतेन्यीच्या बाळाच्या तोंडातून अजून रक्त येत होतं. तिने ती पांढरी टोपी मुठीत घेतली, बाळाला छातीशी धरलं आणि सासूसुनेच्या मागोमाग निघाली.