अर्धे काहून करायचे?

मला जोडीनं गणित करायला सांगणं म्हणजे मांजरीला जोडीनं उंदीर धरायला सांगणं. पण रामप्रसाद सरांना कोण समजावणार? हिंगोलीच्या गणित स्पर्धेला आमच्या नववीतून एकच जोडी जाणार, आन् अट अशी की फळ्यावर प्रत्येकीनं दुसरीची रीत समजावून सांगायची. जमलं न्हाई तर दोघी बाद. मागच्या वर्षी माझं नाव पक्कं होतं, तर ऐन वेळी कांजिण्या उठल्या. दहावीची पोरं स्पर्धेला घेत न्हाईत. म्हणजे आता न्हाई तर कधीच न्हाई.

आन् जोडीला दिली कोण, तर करुणा! पोरगी हुशार, त्यात वाद न्हाई. पण गणित वाचलं की आधी चित्र काढणार, खडे मांडणार, मग विचार करणार. तोवर माझं सूत्र लावून उत्तराखाली रेघ मारून झालेली असती. ती म्हणायची, प्रतिक्षा, तू वाचायच्या आधीच सोडवतीस. मी म्हणायचे, तुझे खडे मांडून होईस्तोवर हिंगोलीची गाडी निघून जाईल.

निवडीच्या दिवशी गणित आलं: कार्यक्रमाला दहा जण जमले, प्रत्येकानं बाकी सगळ्यांना एकेक नमस्कार केला, तर एकूण नमस्कार किती? मला हसूच आलं. असलं गणित पाठ होतं मला, फक्त त्यात नमस्काराच्या जागी हस्तांदोलन होतं. दहा गुणिले नऊ, भागिले दोन, पंचेचाळीस. सगळा वर्ग तेच लिहून राहिला होता. मी पेन उचलला तर करुणानं माझा हात धरला.

"मला राम राम घाल," ती म्हणाली.

डोकंच फिरलं माझं. वेळ संपत आली आन् हिचं हे काय चाललंय! पण ती हात सोडीना. घातला बाई राम राम. तिनं "जय भीम" म्हणून उत्तर दिलं.

"किती नमस्कार झाले?"

"दोन."

"मग अर्धे काहून करायलीस?"

दोनानं भागायचं, कारण सूत्रात तसं आहे, एवढंच मला ठाऊक. हात मिळवला तर दोघांत मिळून एकदाच मिळतो. नमस्कार ज्याचा त्याचा. मी नव्वद लिहिलं. वर्गात आमी दोघीच वेगळ्या.

सरांनी आधी मला उठवलं. मी दोन पोरींना पुढं बोलावून नमस्कार घालायला लावले आन् करुणाची रीत सांगितली. बराबर, सर म्हणाले. मग करुणाची पाळी. सरांनी दहाचे शंभर जण केले आन् माझ्या रीतीनं सोडवायला सांगितलं.

तिनं खडू घेतला आन् काढला की एक ठिपका! मेले, म्हटलं, आता ही शंभर काढत बसती. मधे बोललं की बाद, म्हणून मी ओठ चावून गप्प.

दुसरा ठिपका तिनं काढलाच न्हाई. त्या एकट्याशेजारी नव्व्याण्णव लिहिलं आन् म्हणाली, "असे शंभर जण. नऊ हजार नऊशे. हात मिळवले असते तर अर्धे, कारण तोच हात दोघांच्या मोजणीत आला असता."

आपलं उत्तर बराबर आलं म्हणून मी कधी जागची हलले न्हाई. करुणाचं आलं तवा मी बाकावर चढून टाळ्या वाजवत होते, आन् खाली उतर, हिंगोलीला जायचंय, पाय मोडून घेशील, म्हणून सर ओरडून राहिले होते.