टर्बोने आणलेली सात बदकं

डेलमर हुस्केच्या बंदुकीने सलग तीन हंगामांत एकही बदक पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट फक्त त्याला आणि बदकांनाच ठाऊक होती. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या त्याच्या गावात, पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी तो बेधडक सांगायचा, "यंदा वाराच उलटा. नाहीतर दाखवलं असतं तुम्हाला." उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता, त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पहाटे सरकारी पाणथळ उद्यानात लपणांची सोडत निघाली. लपण म्हणजे पाण्यात खांबांवर उभी, गवताने झाकलेली खोपटी. डेलमरला नऊ नंबर मिळाला आणि शेजारचा दहा नंबर आर्डिथ कोल्बेला. आर्डिथने तीस वर्षं शाळेच्या खानावळीत जेवण वाढलं होतं; अर्धं गाव तिचा ओरडा खाऊन मोठं झालेलं.

"डेलमर, माझी बदकं घाबरवू नकोस हं," ती म्हणाली.

"तुझी? नावं घातलीस का त्यांच्यावर?"

नियम साधे होते. माणशी पंचवीस काडतुसं, सहा बदकं, आणि एक वाजता बंदुका बंद. दुपारनंतर दुर्बिणी घेऊन पक्षी बघणारे यायचे.

उजाडलं तसे थवे उतरू लागले. डेलमरला आभाळात काळे ठिपके दिसत होते, पण त्यातले किती पक्षी आणि किती डोळ्यातले, हे काही सांगता येत नव्हतं. त्याने अंदाजाने बार काढला. त्याच क्षणी शेजारूनही बार झाला. टर्बो, त्याचा काळा लॅब्राडोर, धप्पकन पाण्यात उतरला आणि हिरव्या डोक्याचं जाडजूड बदक तोंडात धरून परत आला.

डेलमरचा विश्वासच बसेना. "पडलं! अरे, पडलं की रे!" त्याने ओल्या कुत्र्याचा मुकाच घेतला.

मग त्याला हुरूपच चढला. तो बार काढायचा, टर्बो पोहत जायचा, बदक यायचं. नऊ वाजेपर्यंत बाकावर सहा बदकं ओळीने पडली आणि तळाशी बावीस रिकामी काडतुसं. मर्यादा झाली म्हणून त्याने नियमाप्रमाणे बंदूक रिकामी केली, पाय पसरले आणि थर्मासमधली कॉफी ओतली. पेट्रोल पंपावर काय काय सांगायचं ते तो मनात घोळवू लागला.

तेवढ्यात शेजारी एक बार झाला. टर्बोने पाण्यात उडी मारली आणि सातवं बदक आणून मालकाच्या पायाशी ठेवलं.

डेलमर बदकाकडे बघत राहिला. आपण तर आत्ता कॉफी पीत होतो. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि नेमकी त्याच वेळी वनरक्षकांची होडी पाणकणसांतून बाहेर आली.

घाईघाईने त्याने सातवं बदक बाकावरच्या बसायच्या उशीखाली सारलं आणि वर बसला.

"मिस्टर हुस्के, किती झाली?" वनरक्षक शेल्बी राउश म्हणाली. पोरगी सव्वीस वर्षांची, पण वही उघडली की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

"सहा. बरोब्बर सहा."

टर्बोला उशीखालून दोन पिवळे पाय दिसले. त्याने ते तोंडात धरले आणि मालकाला हलवत हलवत बदक बाहेर ओढून शेल्बीपुढे ठेवलं.

"हे सातवं," शेल्बी म्हणाली. पेन बाहेर आलं.

आता दोनच वाटा होत्या. एक तर दंड भरून परवाना घालवायचा, नाहीतर खरं बोलायचं. दंड बरा, असं डेलमरला क्षणभर वाटून गेलं. मग त्याने खाली मान घातली. "पोरी, यातलं एकही मी मारलेलं नाही. मला दिसतच नाही. ही सगळी या चोराने पळवून आणली आहेत."

छातीपर्यंतची रबरी पँट घातलेली आर्डिथ तोवर पाणी तुडवत येऊन पोचली होती. "त्यातली सहा माझी. प्रत्येक पळवताना मी बघितलंय."

"मग ओरडली का नाहीस?" डेलमर म्हणाला.

"तू त्या कुत्र्याचे मुके घेत होतास. म्हटलं, जाऊ दे, म्हातारा खूश आहे."

"आणि सातवं कुणाचं?" शेल्बीने पलीकडच्या आठ नंबरच्या लपणात बसलेल्या दोघा भावांना हाक मारून विचारलं. तिकडून उत्तर आलं, "आम्हाला अजून पीससुद्धा नाही मिळालं!"

आर्डिथने बदकं उलटीपालटी केली. ही माझी, ही माझी, करत सहा बाजूला काढली. उरली एक टील नावाच्या छोट्या जातीच्या बदकाची मादी. "ही माझी नाही. ही पाण्यालगत उडतात, आणि इतक्या खाली मी बारच काढत नाही."

डेलमरने ते इवलंसं बदक दोन्ही हातांनी उचलून डाव्या डोळ्याजवळ नेलं. "तीन वर्षांनी," एवढंच म्हणाला.

हिशोब नियमात बसला, तशी शेल्बीने वही मिटली. आर्डिथने नाक पुसलं आणि लगेच दरडावलं, "मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

"कशाला? मी जाईन की गाडी घेऊन."

शेल्बीने वही पुन्हा उघडली. "एक मिनिट. आज इथवर गाडी कोणी चालवली?"

डेलमरने खिशातून किल्ल्या काढल्या आणि मुकाट्याने आर्डिथच्या हातावर ठेवल्या.