मालकांची सीट

मी एक जुनी मोटार आहे. रंग मूळचा निळा. आता ज्याला जसा दिसेल तसा. नवी होते तेव्हा शेजारपाजारचे मला बघायला यायचे. हल्ली मागचं दार उघडायला दोघं लागतात, पण इंजिन अजून ठणठणीत आहे, हे आपलं सांगून ठेवते.

माझे मालक पोस्टमास्तर होते. माणूस ताडमाड उंच, म्हणून चालकाची सीट पार मागे सरकवलेली. मुलगी मात्र आईच्या वळणावर गेली, म्हणजे बुटकी. मालक लाडानं तिला ‘ठेंगू’ म्हणायचे. मागच्या थंडीत मालक अचानक गेले, आणि घरात तिला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

मित्रांनो, दुःखात माणसं नाही नाही ते नियम काढतात. आईंनी मुलीला बजावलं, “सीट हलवायची नाही. ती त्यांची आहे.” आणि त्याच दमात, “तू लायसन्स काढ, नाहीतर गाडी भंगारात देऊ. नुसती गंजतेय.” भंगार म्हटल्यावर माझ्या रेडिएटरचं पाणी पळालं.

मुलीनं पाठीशी तीन उशा घेतल्या. परीक्षेला अधिकारी शेजारी बसले.

“सीट पुढे का घेत नाही?”

“बाबांची आहे.”

“मग बाबांना विचारा की.”

तिनं मला सुरू केलं. पहिल्याच वळणावर उशा घसरल्या, पाय हवेत राहिला आणि अधिकाऱ्यांनी तिला नापास केलं.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, सराव करताना, मी थेट अंगणातल्या कुंड्यांवर गेले. तीन फुटल्या. चौथीला आई पाणी घालत होत्या.

“ब्रेक दाबता येत नाही?”

“पाय पोचला तर दाबीन ना.”

“ऊठ. मी दाखवते.”

उशा बाहेर फेकून आई मालकांच्या सीटवर बसल्या. त्यांचे पाय लोंबकळू लागले. समोर रस्त्याऐवजी स्टिअरिंगच दिसत होतं. पाय ताणून पाहिला, ब्रेक काही सापडला नाही. मग वाकून त्यांनी सीटखालची दांडी ओढली. मी कुरकुरले, सीट पुढे आली, आणि मागे उघडे पडले चॉकलेटचे कागद. पाच-दहा नव्हे, टोपलीभर.

दातांच्या डॉक्टरांनी मालकांना गोड बंद केलं होतं, आणि पहारा आईंचा होता.

“अहो, हे काय?” आईंनी स्टिअरिंगलाच विचारलं. “माझी शपथ घेतली होतीत ना?” मग मुलीकडे वळल्या. “तुला माहीत होतं?”

“अर्धे माझे आहेत.”

आई हसायला लागल्या, आणि हसता हसता रडल्या. मालक गेल्यापासून त्या पहिल्यांदाच मोकळेपणानं रडल्या. मलाही भरून आलं, पण माझे वायपर चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगी पास झाली. घरी परतताना शेजारी बसलेल्या आई म्हणाल्या, “ठेंगू, जरा हळू.” तिनं लगेच वेग कमी केला.

तर मित्रांनो, जुन्या मोटारीला जपा. तेलपाणी बघा, चाकांत हवा भरा, आणि चालवणाऱ्याचा पाय पोचेल अशी सीट ठेवा. सीटखालचा केर मात्र काढू नका. परवापासून तिथे पुन्हा तीन कागद जमलेत, आणि त्यातले दोन आईंच्या बाजूला आहेत.