आ कर

आईने दातांच्या डॉक्टरीणबाईंचं बोट सोडलं तेव्हा हातमोज्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या.

"दात चांगले मजबूत आहेत," बाई बोट चोळत म्हणाल्या. "ती एक दाढ सोडून. आणि नेमकी तीच बघू देत नाहीत."

मुलगा खुर्चीमागे आईचे खांदे धरून उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. पन्नाशी ओलांडलेला, दांडगा, मिशाळ गडी. पण आई त्याला अजून बाळ्याच म्हणायची, म्हणजे ज्या दिवशी तो तिला आठवायचा त्या दिवशी. अडकलेल्या लिफ्टचे दरवाजे उघडण्यात त्याची हयात गेली होती. या एका तोंडापुढे मात्र त्याने हात टेकले होते.

विसरण्याच्या आजाराने आईचं बरंच काही नेलं होतं, त्यात दुखलं तर दुखतंय म्हणून सांगणंही गेलं. ती फक्त ताट ढकलायची. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. हट्टीपणा करते आहे असं समजून तो बरेच दिवस तिच्यावर चिडत राहिला. मग एकदा गार पाणी पिताना ती कळवळली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या खेपेला बाईंना तिच्या जांभईत दाढेतली काळी पोकळी ओझरती दिसली होती. कीड मुळापर्यंत पोचलेली नसावी, आत्ता दाढ भरली तर निभावेल, असं त्या म्हणाल्या होत्या. नाहीतर दाढ काढावी लागणार, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि असलं दुबळं हृदय घेऊन आलेल्या म्हातारीला भूल द्यायला मोठ्या दवाखान्याने साफ नकार दिला होता.

आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. तो अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून तिला दवाखान्यात आणायचा आणि तसाच परत न्यायचा. साहेब आता रजा देताना नुसतं बघायचा. लांब राहणारी ताई फोनवर लवंगेचं तेल सुचवायची आणि फोन ठेवताना हटकून म्हणायची, "प्रेमाने सांग रे तिला." ते ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. प्रेमाने सांगून झालं होतं. रागावून झालं होतं. आरशासमोर उभं करून स्वतःचे दात घासून दाखवून झाले होते. आईची दातखीळ बसलेली ती बसलेलीच.

त्या आठवड्यात एके दिवशी सकाळपासून तो एका इमारतीच्या लिफ्टखाली ग्रीस आणि धुळीत राबला आणि घरी येऊन भात मऊ शिजवून आईपुढे बसला. तिने पहिलाच घास त्याच्या शर्टावर थुंकला. त्याने काय केलं ते त्यालाही नंतर नीट आठवेना. एवढंच कळलं, की तिचे दोन्ही गाल त्याच्या पंजात होते आणि तो दातओठ खात म्हणत होता, "उघड. उघड म्हणतो ना."

तिने तोंड उघडलं नाही. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हात काढला तेव्हा तिच्या गालांवर बोटं उमटली होती. तो मोरीत जाऊन तेच एक ताट कितीतरी वेळ घासत बसला. जेवायला बसला तर त्याचीही एक दाढ ठणकायला लागली. ती कधीपासून दुखत होती, पण तिच्याकडे बघायला फुरसत कुणाला होती?

पुढच्या खेपेला बाईंनी आईच्या गालांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने मान खाली घातली. त्यांनी दिवा त्याच्या चेहऱ्याकडे वळवला. म्हणाल्या, "तुमचा गालही सुजलाय. आजी आज शांत आहेत. बसा, तुमची दाढ तरी बघू."

आईला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून तो खुर्चीत आडवा झाला. बाईंनी इंजेक्शन दिलं, अर्धा चेहरा जड झाला, आणि यंत्र सुरू झालं. कीड खोल गेली होती. मध्येच कुठेतरी कळ थेट मेंदूत गेली आणि तो विव्हळला.

"थांबा हो बाई. पोरगं रडतंय."

आई उठून खुर्चीपाशी आली होती. त्याच्या लहानपणी तिने वर्षानुवर्षं घरात पाळणाघर चालवलं होतं. अर्ध्या गल्लीची मुलं तिच्या हातून जेवली होती. तिने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला.

"आ कर," ती म्हणाली. "मोठ्ठा आ. असा."

आणि तिने स्वतःचं तोंड उघडलं.

बाईंचा हात जागीच थांबला. त्यांनी यंत्र बंद केलं, पायाने स्टूल आईच्या मागे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "आजी, बसून दाखवा त्याला. काका, तुम्ही मिटू नका."

यंत्र आईच्या तोंडाशी नेलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. बाईंनी बारीक हत्याराने हातानेच कीड खरवडायला घेतली. त्याने आ केला होता, म्हणून आईने आ केला होता. त्याचा जबडा जरा खाली आला की तिचाही यायचा आणि बाई पुटपुटायच्या, "काका, आ." त्याची अर्धी कोरलेली दाढ उघडीच होती, तिला वारा लागत होता. लाळ हनुवटीवरून कॉलरमध्ये उतरत होती. जबड्याचा सांधा तुटेल की काय असं वाटत होतं. एकदा हत्यार आत रुतलं, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मिटते, असं त्याला वाटलं आणि त्याने घशातून मोठ्याने "आ" काढला. तिनेही काढला. बाई सिमेंट भरत होत्या, ते सुकायची वाट बघत होत्या, आणि मायलेक एकमेकांकडे बघत आ वासून बसले होते.

"झालं," बाई म्हणाल्या. त्याला लगेच तोंड मिटता येईना. "किती टिकेल ते मी सांगत नाही. पुन्हा असं जमेल याचाही भरवसा नाही. पण आज त्या जेवतील."

आईने त्याचा गाल थोपटला. "शहाणं आहे हो," ती बाईंना म्हणाली. "कुणाचं हे?"

त्याने बधिर ओठांनी "तुझंच" म्हणायचा प्रयत्न केला, पण शब्द तोंडातच विरघळला.

"बोबडं आहे अजून," आई म्हणाली.

त्याच्या दाढेत तात्पुरतं काहीतरी भरून घेऊन ते बसमध्ये बसले. दोन थांबे जायच्या आत आई त्याच्या खांद्यावर झोपली. कंडक्टरने तिकीट विचारलं, त्याने दोन बोटं दाखवली आणि हाताने शेवटच्या थांब्याची खूण केली. झोपेत आईचा जबडा सैल पडला होता आणि तोंड आपसूक उघडलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, आत दाढेवरचा पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता. समोरची बाई टक लावून बघत होती. त्याने आईचं तोंड मिटवलं नाही. खांदा हलू नये म्हणून तो तसाच ताठ बसून राहिला.