चेलुवीच्या गळ्यातली बासरी

मारम्माच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. पिंपळाच्या पारावर कोळलुस्वामी मांडी ठोकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर बसवली होती चार वर्षांची चेलुवी. अंग हळदीनं पिवळं, कपाळभर कुंकू, गळ्यातला झेंडूचा हार तिच्यापेक्षा जड. पोरगी श्वास आत घ्यायची की तिच्या गळ्यातून शिटी वाजायची, पीं! श्वास सोडायची की पुन्हा पीं! ओठ मिटलेले, हात मोकळे, आणि बासरी आपली वाजतेय. बायकांनी तर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढायचा सपाटाच लावला होता.

"मंगळूरपासून मद्रासपर्यंत हिंडलो!" स्वामी ओरडला. "काशीत बुडी मारली, रामेश्वरात वर आलो! पण असली अम्मा कुठं पाहिली नाही! ही प्रत्यक्ष कोळलम्मा, बासरीची देवी! वाजवणारा दिसत नाही, बासरी दिसत नाही, नाद तेवढा ऐकू येतो! विचारा काय विचारायचंय ते. होय असेल तर अम्मा एकदा जोरात वाजेल, नाही असेल तर दोनदा. आणि काहीच बोलली नाही तर समजा, तुमच्या भक्तीत खोट आहे!"

काय सोय आहे बघा! उत्तर कुठलंही येवो, स्वामी खरा. हाच गडी परवापरवापर्यंत म्हैसूरच्या बसमध्ये दंतमंजन विकायचा. गळा तोच, माल तेवढा बदलला होता.

"अम्मा, माझी म्हैस सापडंल का?" एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं.

स्वामीनं डोळे मिटले, मूठ चेलुवीच्या नाकाजवळून आशीर्वाद दिल्यासारखी फिरवली, आणि जोरात पीं! झालं. गर्दीनं एकच गजर केला. म्हातारा तर तिथंच लोटांगण घालायला लागला.

जमलेल्या गावकऱ्यांत एकाच माणसाचे हात जोडलेले नव्हते. तो होता चेलुवीच्या आईचा बाप नंजप्पा, तिचा ताता. दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून तो खांबाआड उभा होता. त्याला त्या कोळलम्माची जन्मकथा पक्की ठाऊक होती, कारण ती त्यानंच घडवली होती. काळ्या कुड्याच्या लाकडातून, स्वतःच्या चरकावर.

चन्नपट्टणच्या आसपासच्या गावांत घरोघर लाकडी खेळणी कातायचे चरक फिरतात. नंजप्पा पोपट करायचा. लाखेचा हिरवा रंग द्यायचा, केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायचा आणि पोटात हरभऱ्याच्या दाण्याएवढी शिटी बसवायचा. पोकळ मणी, दोन्ही तोंडांना बारीक भोक. पोपटात बसवण्याआधी शिटी वाजते की नाही हे बघायला हवं, पण कारागिराचे दोन्ही हात कामात गुंतलेले. मग ती जायची तोंडात. दातांमागं धरायची, श्वास आत घ्यायचा, बाहेर सोडायचा. इथल्या प्रत्येक कारागिराच्या गालात दिवसभर एखादी शिटी असतेच. नंजप्पाच्या बापानं तेच केलं, नंजप्पानं तेच केलं, आणि गेल्या पंधरवड्यात कौतुकानं नातीलाही तेच शिकवलं.

"अशी धर बघू. आता ओढ श्वास. वा गं माझी पोपटीण!"

केंपम्मा, त्याची लेक, त्याला याआधीही ओरडली होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती, रेशमाच्या गिरणीत दिवसभर राबायची. "अप्पा, तिच्या तोंडात काही देत जाऊ नका. मी घरी नसते." आणि नंजप्पानं हसण्यावारी नेलं होतं. मग एके दिवशी शिटी तोंडात असतानाच चेलुवी कशाला तरी खळखळून हसली. पुढच्या क्षणी तिला जबर ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. तेवढ्यात ती सावरली, रडली, पाणी प्यायली. शिटी कुठं दिसेना. गिळली असेल, पोटातून जाईल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि लेकीला अवाक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरीचा श्वास वाजायला लागला.

केंपम्मानं पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नंजप्पाही गेला होता. डॉक्टर वनजाक्षी बाई फटकळ, पण हाताच्या चांगल्या. त्यांनी छातीला नळी लावली, मग गळ्याला लावली, पोरीला बोलतं केलं. आवाज घोगरा निघाला.

"हा दमा वाटत नाही," त्या म्हणाल्या. "दम्याची शिटी छातीत वाजते, ती पण बहुतेक श्वास सोडताना. ही इथं गळ्याशी वाजतेय, घेताना आणि सोडताना. ताप नाही. श्वास घेताना गळ्याखालची ही खळगी बघा कशी आत ओढली जातेय. वाट अडलीय कुठंतरी. खरं सांगा, खेळताना तोंडात काही होतं का? एकदम ठसका लागला होता का?"

केंपम्मानं बापाकडं पाहिलं.

"छे! काही नाही," नंजप्पा म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. गळ्याचा फोटो काढला, फोटोत काही आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "लाकूड, दाणे, बिया फोटोत बहुतेक दिसत नाहीत. फोटो साफ म्हणजे गळा साफ असं नव्हे. दुर्बीण घालून बघायला हवं, बेंगळूरला न्या." पण घरी येईपर्यंत गावात बोभाटा झाला होता आणि दारात स्वामी हजर! "यंत्राला जे दिसलं नाही, ते मला दिसलं," तो म्हणाला. लोक केंपम्माच्या पाया पडायला लागले. ज्या लेकीकडं गाव ढुंकून बघत नव्हतं, तिला मान मिळाला, ती हसली. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? नंजप्पा रोज ठरवायचा, उद्या सांगतो. रात्रभर ती शिटी ऐकत पडायचा आणि म्हणायचा, देवा, एकदाची बंद होऊ दे.

आणि आज, भर दुपारी, भर गर्दीत ती बंद झाली.

एका बाईनं नातवाचं काही विचारलं होतं. स्वामीनं मूठ फिरवली. चेलुवीनं जोरात श्वास ओढला, खोकली, आणि मग काहीच नाही. आवाज नाही. पोरीचं तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, हात गळ्याकडं.

"अम्मा समाधीत गेली!" स्वामीनं हात उंचावले. "कुणी हात लावू नका! भस्म व्हाल!"

लोक जमिनीला डोकं टेकवायला लागले. नंजप्पाला मात्र एकच कळलं. शिटी गप्प होते ती भोक बुजल्यावर. आणि इतके दिवस त्या भोकातूनच पोरीचा जीव ये-जा करत होता.

"व्हा बाजूला! मरतेय ती!" माणसं तुडवत तो पाराकडं धावला. "माझी शिटी आहे तिच्या गळ्यात! मी दिली होती! मी खोटं बोललो!"

डॉक्टरीणबाई त्या दिवशी पुन्हा समजवायला म्हणून गावात आल्या होत्या आणि तोंड कडू करून मागं उभ्या होत्या. नंजप्पाचे शब्द पुरते ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत. स्वामी आडवा आला, त्याला त्यांनी कोपरानं ढकललं. चेलुवीला मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मधोमध दणके दिले. काही नाही. पोरीला उभी केली, मागून विळखा घातला, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असा झटका दिला. पुन्हा दिला.

"तोंडात बोट घालून काढू का?" पाराशीच बसलेली केंपम्मा किंचाळली.

"खबरदार! दिसत नसलेली वस्तू बोटानं आणखी आत जाते."

आणखी एक झटका. कफाचा गोळा बाहेर आला, आणि त्यामागून बारीक, चिरका आवाज आला, पीं!

"वारा जातोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बास. कुणी थोपटू नका, हलवू नका, शिटी फिरली तर पुन्हा अडेल. दवाखान्याची जीप आणा."

बेंगळूरच्या रस्त्यावर चेलुवी ताताच्या मांडीवर ताठ बसून होती. आडवी करायची नाही, रडवायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. त्या स्वतः प्राणवायूची नळी धरून बसल्या होत्या. नंजप्पा कानात प्राण आणून ऐकत होता. जी शिटी बंद पडावी म्हणून रात्र रात्र देवाला विनवलं, ती आता वाजत राहावी म्हणून तो आतल्या आत तडफडत होता. वाज गं, वाज. रामनगरचे खडक कधी मागं पडले, त्याला समजलंही नाही.

मोठ्या इस्पितळात भूल देऊन, दुर्बीण घालून शिटी काढली. स्वरयंत्राच्या खाली अडकली होती, भोवती सूज आली होती. "नशीब की भोक आरपार होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. "भरीव मणी असता तर पहिल्याच दिवशी सगळं संपलं असतं."

बाहेरच्या बाकावर बापलेक शेजारी बसले होते.

"अप्पा," केंपम्मा म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडं बघत होते."

नंजप्पानं मान खाली घातली. त्याला ढसाढसा रडू आलं, पण लेकीनं हात पुढं केला नाही, आणि त्यानंही तशी अपेक्षा धरली नाही.

चेलुवी घरी आली तेव्हा स्वामी गावात टिकून होता. माझ्याच मंत्रानं अम्मा गळ्यातून मुक्त झाली, असं सांगत, तशीच मूठ वळून आशीर्वाद देत फिरत होता. नंजप्पा पारावर चढला. डॉक्टरीणबाईंना त्यानं मुद्दाम बोलावून आणलं होतं. आधी त्यानं इस्पितळानं बाटलीत घालून दिलेली शिटी सगळ्यांना दाखवली. मग तसलीच दुसरी दातांमागं धरली, ओठ मिटले आणि श्वास घेतला. पीं! सोडला. पीं! गर्दीत कुजबुज झाली, तोच नाद!

त्यानं शिटी हातावर काढली. "झालो मी कोळलप्पा! विचारा काय विचारायचं ते."

"माझी म्हैस अजून आली नाही रे," मागून म्हातारा कुरकुरला, आणि लोक पहिल्यांदा हसले.

"आणि होय-नाहीचं काय?" कुणीतरी विचारलं. "ते कसं जमायचं?"

डॉक्टरीणबाईंनी पुढं होऊन स्वामीचं मनगट धरलं. "उघड मूठ." त्यानं आढेवेढे घेतले, तेव्हा म्हातारा आणि आणखी दोघे सरसावले. मुठीत ओल्या फडक्यात बांधलेला कापूर होता. बाईंनी तो म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरला. म्हाताऱ्यानं दचकून जोरात श्वास ओढला.

"हे तुमचं उत्तर," त्या म्हणाल्या. "एकदा हुंगवलं की होय, दोनदा हुंगवलं की नाही. गुदमरणाऱ्या लेकराला हा माणूस कापूर हुंगवत होता."

म्हातारा स्वामीच्या अंगावर धावला, तसा नंजप्पा मध्ये पडला.

"त्याला पोलीस बघून घेतील. आधी माझं ऐका. ह्यानं तुम्हाला फसवलं, पण ह्याच्या आधी फसवलं मी. डॉक्टरीणबाईंनी नेमकं विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं. लेक रागावेल, पोरीला घेऊन निघून जाईल, म्हणून. माझ्या थोबाडाला कुलूप होतं, म्हणून ह्याची देवी वाजली. उद्या कुणाच्या पोराला एकाएकी ठसका लागला, श्वास वाजायला लागला, तर देव्हाऱ्याकडं पळू नका, दवाखान्यात पळा. आणि तिथं खरं बोला. आपली अब्रू गेली तर जाऊ दे!"

मग बाईंनी सगळ्यांना पाठीवरचे दणके कुठं द्यायचे ते दाखवलं. "मोठ्या माणसाच्या गळ्यात हाडूक अडकलं तरी हेच. खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर आधी दणके, मग मागून मूठ आत आणि वर. वर्षाच्या आतल्या लेकराच्या पोटाला मात्र हात लावू नका, त्याला दणके आणि छातीवर दोन बोटांनी दाब. आणि कुणालातरी गाडी आणायला पिटाळा."

आता नंजप्पाच्या चरकाशेजारी सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा टांगलेला असतो. शिटी त्याच्या तोंडाला लावायची आणि फुगा दाबायचा. कुणी कारागीर गालात शिटी धरून गप्पा मारायला आला की नंजप्पा म्हणतो, "आधी थुंक, मग बोल." काही जण ऐकतात. काही हसतात, आणि फुगा मागून नेतात.

केंपम्मा गिरणीला निघताना रोज उंबऱ्यात थांबते. "चेलुवी, आ कर." पोरगी मोठा आ करते, आई नीट निरखून बघते. मग ती बापाकडं वळते.

"अप्पा, तुम्ही पण."

नंजप्पा चरक थांबवतो आणि नातीसारखाच आ करतो.