बायकोची चाल

कार्यक्रमपत्रिका हातात आली आणि सुतार चक्रावला. त्यात ‘चाल’ असं छापून पुढे चक्क त्याच्या बायकोचं नाव होतं.

सुतार जन्मापासून बहिरा. वाचायला पटाईत, पण घरात दोघांचं बोलणं सगळं हातांनी. चाल म्हणजे चालण्याची ढब, हे त्याला ठाऊक होतं. शत्रूवर चाल करून जातात, हेही. पण बायको तर गाणाऱ्यांच्या मंडळात होती. त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि खुणांनी विचारलं, "स्टेजवर नुसती चालणार आहेस, की कुणावर चाल करून जाणार आहेस?"

बायको हसता हसता बाकावरच बसली. आधीच तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिनं पहिल्यांदाच एका गाण्याला चाल लावली होती आणि मंडळ ते गाणार होतं.

"गाण्यातून शब्द काढून घेतले की जी उरते ती चाल," ती म्हणाली.

"शब्द काढले तर उरतं काय?"

तिनं उलट विचारलं, "माझी बहीण लांबून येत असली, तोंड दिसत नसलं, तरी तू तिला ओळखतोस ना?"

"न ओळखायला काय झालं? एक खांदा पाडून, तुरुतुरु."

"गाणंही तसंच चालतं. चढतं, उतरतं, मध्येच थबकतं. कुणीही गाऊ दे, हळू गा नाहीतर जोरात, त्याची ढब तीच."

तिनं त्याच्या हातावरचा भुसा झटकला आणि मनगटापासून बोट चालवलं. छोट्या छोट्या पावलांनी वर, कोपराशी क्षणभर थांबा, मग घसरत थेट तळव्यात, आणि तिथून एकदम खांद्यावर उडी. "ही माझी."

सुताराच्या अंगावर काटा आला. "पुन्हा," तो म्हणाला. मग पुन्हा. लाकूड चिकटवायला काढलेला वाटीतला सरस सुकून गेला, तरी दोघांना पत्ता नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो मेहुणीसोबत पुढच्या रांगेत बसला. बायको गाणाऱ्यांत उभी होती. समोर मंडळाच्या बाई. सूर चढला की त्यांचा हात चढे, उतरला की उतरे. सुताराची नजर त्या हातावर खिळली. हात पायऱ्या चढल्यासारखा वर गेला, थांबला, घसरत खाली आला आणि ताडकन उडाला.

त्यानं खुणांची भाषा जाणणाऱ्या मेहुणीला कोपरानं ढोसलं. "हिचं गाणं."

"नाही हो भावोजी, ताईचं शेवटी आहे. हे तर नुसतं आ-आ चाललंय." तिनंही ती चाल कधी ऐकलेली नव्हती.

"तिचंच आहे," सुतार हट्टाला पेटला.

तेवढ्यात पत्रिकेत छापलेले ताईच्या गाण्याचे शब्द सुरू झाले आणि मेहुणीनं कपाळावर हात मारला. ऐनवेळी क्रम बदलून ताईचंच गाणं आधी घेतलं होतं. सुतार केव्हाच उठून उभा राहिला होता आणि दोन्ही हात उंचावून बायकोला सांगत होता, "ओळखली. मी ओळखली." मागचे लोक बसा-बसा म्हणत होते, ते त्याला कुठून ऐकू येणार? बायकोला मात्र सगळं दिसलं. पुढची ओळ तिला गाताच आली नाही. शेजारणींनी सांभाळून घेतलं.

घरी जाताना तिनं विचारलं, "कशी वाटली?"

"ती घसरगुंडी अजून लांब हवी होती," सुतार गंभीरपणे म्हणाला.

"तुला रे काय कळतं त्यातलं?"

"आता कळतं."

झालं, रस्ताभर दोघं हातवारे करकरून भांडत राहिली. हात मोकळे हवेत म्हणून फुलांचा गुच्छ, छत्री आणि पिशव्या मेहुणीच्या गळ्यात पडल्या. ती बिचारी मागून येत होती, एक खांदा पाडून, ताईची चाल गुणगुणत.