डाव्या हातावरचा राघू

"मॅडम, ये मुर्गी है क्या?" ऑफिसातल्या अल्पनाने डबा उघडता उघडता विचारलं.

इंदूने कागदावर पटकन तळहात ठेवला. "तोता आहे."

"तोता? इतना मोटा?" अल्पना हसली, पण इंदूचा चेहरा बघून लगेच सावरली. "अच्छा है, मॅडम. बस चोंच थोडी और मोड़ दो."

देवासच्या त्या शाळेच्या ऑफिसात इंदू एकतीस वर्षं कारकून होती. दाखले, हजेरीपट, परीक्षेचे फॉर्म. अक्षर इतकं सुरेख की प्रमाणपत्रांवरची नावं तिच्याकडूनच लिहून घेत. चित्र मात्र तिने जन्मात काढलं नव्हतं. आई गेल्यावर महिन्याभराने सुरू केलं. मोबाईलवर बघायचं आणि जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजूवर काढायचं. आधी डोक्याचा गोल, मग अंड्यासारखं पोट, मग शेपटी. चोच काढायला घेतली की सगळं बिघडायचं.

पण खरी अडचण चोचीची नव्हती. आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, राघू गोंदलेला होता. आईच्या आजारपणात तो हात इंदूने नऊ वर्षं धुतला, पुसला, थंडीत त्याला तेल चोळलं. आणि आता त्या राघूचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेच तिला आठवेना. घरातल्या प्रत्येक फोटोत आईचा तो हात पदराखाली होता. पुण्याच्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "तोता होता? मला वाटतं मोर होता."

त्या रविवारी इंदू इंदूरला बस बदलून धारला गेली. तिथे भवानीमावशी होती, आईची धाकटी बहीण. गुडघे गेल्यामुळे ती चार वर्षांत देवासला आली नव्हती. आई गेली तेव्हाही नाही. इंदूच्या मनात ते होतं.

दार मावशीच्या सुनेने, ऋतिकाने उघडलं. "आओ दीदी. आई सकाळपासून वाट बघून राहिल्या."

मावशी खिडकीशी खाटेवर बसली होती. रडारड झाली नाही. "वाळलीस गे," ती म्हणाली. "एकटीसाठी रांधत नसशील."

चहा झाला. इंदूने पर्समधून घडी केलेले कागद काढले आणि खाटेवर पसरले. मावशीने चष्मा लावून एकेक नीट पाहिला.

"हे कशाला गे काढलेस?"

"आईच्या हातावरचा आठवत नाही मला. तोंड कुठे होतं त्याचं?"

मावशीने उजव्या हाताची बाही सावकाश वर सरकवली. सुरकुत्यांमध्ये एक हिरवट डाग होता. तिने दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली, तेव्हा त्यातून राघू निघाला. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बाकदार रेघ, चोचीला एक आकडा, डोळ्याचा ठिपका, खाली दोन बारीक पाय. पिसं नाहीत, फांदी नाही.

"धरमपुरीच्या जत्रेत गोंदवले. मी नऊची, ताई बाराची. मी किंचाळून नदीचा घाट डोक्यावर घेतला. तर ताई म्हणाली, माझा हात हिच्या हाताशेजारी ठेवा, म्हणजे ही भिणार नाही. दोघींना जवळ बसवून गोंदले. तिच्या डाव्यावर, माझ्या उजव्यावर. हात लागून ठेवले की राघू एकमेकांकडे बघायचे."

इंदू त्या हाताकडे बघत राहिली.

"काय झाले?"

"आई शेवटी मला ओळखत नव्हती, मावशी. तुझं नाव घेऊन हाक मारायची. मी जवळ गेले की माझा उजवा हात धरायची, बाही वर करायची, उलटसुलट करून बघायची. आणि ढकलून द्यायची. म्हणायची, तू नव्हेस. भवानीला बोलाव." इंदूने कागद गोळा करायला घेतले, पण ते तिला नीट जुळवता येईनात. "मला वाटायचं, बांगड्या बघते. दोन वर्षं, रोज."

मावशीने तोंडाला पदर लावला.

"पेनाने काढला असता मी हातावर," इंदू म्हणाली. "एक तोताच तर काढायचा होता गं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ऋतिका दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

मावशी म्हणाली, "पेन आहे का तुझ्यापाशी?"

"आहे."

"मग काढ. ताईचा काढ. इथे, माझ्याजवळ बसून."

इंदू तिच्या उजव्या बाजूला बसली. डावा हात मावशीच्या हाताला लावून ठेवला आणि त्यावर बॉलपेनने काढायला लागली. गोल नाही, अंडं नाही. एक बाकदार रेघ. मग आकडा, मावशीच्या राघूकडे वळलेला. मग ठिपका. पहिल्यांदाच हात कुठे अडला नाही.

मावशीने मान वाकवून बघितलं. खूप वेळ बघितलं. "पाय राहिले," ती म्हणाली.

इंदूने दोन बारीक पाय काढले.

परतीच्या बसमध्ये तिने डावा हात मांडीवर ठेवला नाही की खिडकीला टेकवला नाही, अधांतरीच धरला. शेजारच्या बाईने विचारलं, "तबीयत तो ठीक है?" इंदूने मान हलवली. घरी आल्यावर कुलूप, दिवा, पाण्याची मोटर, सगळं उजव्या हाताने केलं. दोन दिवस आंघोळ करताना डावा हात बादलीपासून लांब धरला. भांडी एकाच हाताने कशीबशी विसळली.

तरी घाम होताच. मंगळवारी शेपटी गेली. बुधवारी सकाळी चोचही दिसेना. दोन पाय तेवढे राहिले होते, कशाचे आहेत ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पेन टेबलावरच होतं. इंदूने ते उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि पर्समध्ये टाकलं.

ऑफिसची वेळ झाली होती. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, तरी तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला आणि डावी बाही त्या दोन पायांवरून मनगटापर्यंत ओढून घेतली.